आता लिवा लागत नाही

माझं काम बाबांना एका शब्दात सांगता यायचं. कोणी विचारलं, ‘पोरगा गोंदियात काय करते?’ की ते म्हणायचे, ‘लिवते.’ बस्स. काय लिहितो, कोणासाठी लिहितो, हे पुढचं सगळं ते विचारणाऱ्याच्या अकलेवर सोडून द्यायचे. त्यामुळे आमच्या गावात, म्हणजे नागऱ्याच्या पुढे थोडं आत गेलं की लागतं त्या गावात, बरीच वर्षं माझ्याबद्दल गोंधळ होता. कोणाला वाटे मी पेपरात लिहितो, कोणाला वाटे कचेरीबाहेर बसून अर्ज लिहितो. एकदा एक म्हातारा धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण घेऊन सकाळी सकाळी दारात येऊन बसला. मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो हे त्याला समजावता समजावता माझा चहा निवला. शेवटी तो म्हणाला, ‘मंग त्यातच लिव ना बाप्पा, धुरा माहा आहे म्हनून.’

बाबांचं ‘लिवते’ मात्र उगाच नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नव्व्याण्णव साली मी नागपूरहून शिकून परत आलो आणि गोंदियात एका लहानशा ऑफिसात लागलो. ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. राईस मिल, दवाखाने, शाळा यांना लागेल तसं सॉफ्टवेअर आम्ही बनवून द्यायचो. बाबा पहिल्यांदा आले ते बसला वेळ होता म्हणून. माझ्या मागे खुर्ची टाकून बसले आणि बस निघायच्या वेळेपर्यंत हलले नाहीत. पडद्यावर अक्षरं उमटत होती, त्यातलं त्यांना एक कळत नव्हतं. पण मी थांबत नाही, चुकलं की पुसतो, पुसून पुन्हा करतो, एवढं त्यांना कळलं. घरी जाऊन ते आईला म्हणाले, ‘ऊन लागत नाही, पन घाम येते पोराले.’ तेव्हापासून ‘लिवते’.

आणि तेव्हा मी खरंच लिहायचो. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, त्याचा मोठा भाग सारखाच असतो. नवीन नोंद करायची, ती साठवायची, बदलायची, खोडायची, शोधायची, छापायची. मिलवाल्याला पोत्यांचं हवं असतं, डॉक्टरला पेशंटचं, हेडमास्तरांना पोरांचं, पण आतल्या ओळी त्याच. नावं बदलून त्याच त्या ओळी मी पुन्हा पुन्हा हातानं लिहायचो. कंटाळा यायचा, पण तो कंटाळाही माझ्या कमाईचा होता. संध्याकाळी बोटं दुखायची आणि जेवताना मला ते बरं वाटायचं. घरात सगळ्यांचंच काही ना काही दुखायचं.

मग मालकानं नागपूरहून एक सीडी आणली. मालक गोंदियाचाच, हिंदी बोलणारा, दिलदार आणि घाईचा माणूस. म्हणाला, ‘अब मेहनत बंद, दिमाग चालू.’ त्या सीडीत कोड तयार करणारं टूल होतं. काय काय साठवायचं आहे ते त्याला सांगायचं, नाव, गाव, वय असं, आणि बटन दाबायचं. सगळ्या ओळी ते स्वतः लिहून काढायचं. फॉर्म, बटनं, शोध, छपाई, सगळं. माझ्यापेक्षा नीटनेटकं लिहायचं, हे सांगायला मला तेव्हा जड जायचं. पहिल्या दिवशी मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी जरा धाकधूक झाली. आठवडाभरात मी हातानं लिहिणं जवळपास सोडून दिलं.

जवळपास म्हणतो, कारण गिऱ्हाइकाचं जे खास असतं ते टूलला जमायचं नाही. एखाद्या डॉक्टरला तोच पेशंट आठवड्यात पुन्हा आला तर नवा धरायचा नसतो, एखाद्या मिलला ओल्या धानाचं वेगळं हवं असतं. ते ऐकून घ्यायचं, समजून घ्यायचं आणि टूलनं लिहिलेल्यात बसवायचं, ते मीच करायचो. खरं काम तेच होतं. पण हे आता सुचतंय. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की तू नेमकं काय करतोस, तर मी नुसता घसा साफ केला असता.

शनिवारी गावी गेलो की पारावर बाबा कोणाला तरी सांगत असायचे, ‘लिवते.’ ते ऐकलं की माझे कान तापायचे. मी कोणाशी खोटं बोललो नव्हतो, पगार चोरीचा नव्हता. तरी मी तिथून सटकायचो, चपला शोधायचं निमित्त करून. चपला पायातच असायच्या.

अशातच माझ्या सोयरिकीचं निघालं. आमच्याकडे पोरीकडचे आधी पोराचं घर पाहायला येतात. घर म्हणजे नुसत्या भिंती नाहीत. गोठा पाहतात, विहिरीत वाकून पाहतात आणि मुख्य म्हणजे बांध्या पाहतात. धानाच्या वाफ्याला आम्ही बांधी म्हणतो. पोरगा शेती करणारा असला तर त्याला धुऱ्यावर उभं करून विचारतात, ‘हे कोन केलं?’ आणि त्यानं सांगायचं असतं, मी केलं. तेवढ्या एका उत्तरावर पोरीचा बाप घरी जाऊन शांत झोपतो.

पोरीकडचे चिचगडच्या अंगाचे, जंगलपट्टीतले. जीप करून आले. पोरीचा बाप अगदी कमी बोलणारा होता, त्याच्या वाटचं सगळं पोरीचा मामा बोलायचा. मामा उंच, काटक, गावच्या नाटक मंडळाचा कारभारी. आवाज असा की अंगणात बोलला तर मागच्या गोठ्यातली गाय कान टवकारायची. बांध्यांमध्ये तेव्हा धान निघाल्यावर पेरतात ती लाखोरीची डाळ उगवली होती. बाबांनी सगळं फिरवून दाखवलं. मामानं धुऱ्यावर टाच मारून पाहिली, विहिरीचं पाणी चाखलं, मान हलवली. मग जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि मामा म्हणाला, ‘बांध्या तुमच्या आहेत, बुवा. चांगल्या आहेत. आता पोराचं काम दाखवा.’

मी म्हणालो, आज रविवार आहे, ऑफिस बंद आहे. बाबा म्हणाले, ‘किल्ली तुह्याजवळच रायते ना?’ मी म्हणालो, विजेची लाईन जाते. बाबा म्हणाले, ‘आज नाही जात, काल गेली होती.’ त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. घरात एवढी माणसं आलेली, आणि आपल्याकडे दाखवण्यासारखं सगळ्यात भारी जे आहे ते अजून दाखवायचंच आहे, असा. त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि जीपमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

ऑफिसात मी शहाणपणा करून एक तयार सॉफ्टवेअर उघडलं. एका दवाखान्याचं होतं, रंगीत, देखणं. पोरीच्या बापाला आवडलं. मामा म्हणाला, ‘हे झालेलं आहे. उभं धान कोनीबी दाखवते. रोवणा करताना दाखव.’ रोवणा म्हणजे धानाची लावणी.

नाही म्हणायला जागा नव्हती. मी विचारलं, ‘कायचं बनवू, मामाजी?’

तो विचार न करताच म्हणाला, ‘आमच्या नाटक मंडळाचं बनव. सामान गावोगाव जाते अन् वापस येत नाही.’

‘काय काय लिवून ठेवाचं?’

‘सामान कोनतं, किती, अन् कोनाकडं गेलं.’

मी तीन नावं टाकली. सामान, संख्या, कोणाकडे. हात सवयीनं चालत होता. सवयीनंच तो बटनावर गेला. खालून एक पट्टी भरत गेली, पडद्यावर ओळी सरसर धावल्या आणि फॉर्म उघडला. बाबा माझ्या अगदी मागे उभे होते. मामानं ‘पडदा, राजवाड्याचा’ असं लिहायला लावलं, संख्या एक, आणि पडदा ज्या गावाला अडकला होता त्या गावाचं नाव. मी साठवलं. शोधून दाखवलं. छापून कागद हातात दिला. खालच्या टपरीवरून आलेला चहा अजून कोणी संपवला नव्हता.

‘अरे बाप रे!’ मामा मोठ्यांदा हसला. पोरीचा बापही हसला. बाबांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यापुरतं मला वाटलं, सुटलो.

मग मामानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘आता हे कोन लिवलं?’

‘यात एक टूल आहे जी. ते लिवते.’

‘म्हंजे मशीन लिवते.’

‘हो. पन मशीनले मी सांगतलो.’

‘काय सांगतला?’

‘सामान, संख्या, कोणाकडे.’

‘ते तं मी सांगतलो,’ मामा म्हणाला.

त्यात कुत्सितपणा काडीचा नव्हता. माणूस सरळ होता, हिशेब लावत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी लुना सुरू करत होता, ती होत नव्हती. मला बोलायला हवं होतं. दवाखान्याच्या प्रोग्रामचं सांगता आलं असतं, ओल्या धानाचं सांगता आलं असतं. मी टेबलावरचा माऊस सरळ करत राहिलो.

बाबाच बोलले. ‘नाही नाही. तो लिवते. मी पायलो ना, इथंच बसून.’ आणि मला म्हणाले, ‘दाखव ना रे. लिवून दाखव.’

मला लिहिता येत होतं. चार ओळी हातानं लिहून दाखवल्या असत्या तर बाबांचा शब्द राहिला असता. पण मी आतून इतका चिडलो होतो, मामावर, टूलवर, त्या धुतलेल्या शर्टावर, की मी पडद्याकडे बघत म्हणालो, ‘बाबा, आता लिवा लागत नाही.’

खुर्चीच्या पाठीवरचा हात निघाला. मी मागे वळून पाहिलं नाही, पण हात निघालेला कळला. बाबा म्हणाले, ‘असं?’ आणि मग पाहुण्यांना म्हणाले, ‘चाला, चहा थंडा होऊन राहिला.’ त्या ‘असं’ची मला आजही लाज वाटते. जगात ही बातमी त्यांना सगळ्यात शेवटी कळली, आणि तीही परक्यांसमोर.

सोयरीक मोडली. मोडली म्हणजे भांडण वगैरे काही नाही. मामानं निरोप पाठवला, आणि निरोप आणणाऱ्यानं तो जसाच्या तसा आमच्या ओसरीवर ओतला. पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे, बांध्या चांगल्या आहेत. पण काम पोराचं नाही, मशीनचं आहे. उद्या मशीन सस्ती झाली अन् घरोघरी आली, तं पोरगी काय खाईन?

आई चिडली. म्हणाली, जंगलातल्या लोकांना काय समजते. मला आईच्या बोलण्याचा आधार घेता आला असता, पण घेववेना, कारण तोच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होतो. बाबा उठून गोठ्यात गेले. पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं, चांगलं झालं. त्या लोकांनी नोकरी आहे ना एवढंच विचारलं, ऑफिस पाहायला कोणी आलं नाही. बोलणी चालू असताना बाबांना कोणीतरी विचारलं, पोरगा काय करते. मी कान देऊन बसलो होतो. बाबा म्हणाले, ‘गोंदियात रायते.’

तिथून पुढे तेच. ‘गोंदियात रायते.’ पारावर, बाजारात, लग्नात, मयतीत. माझ्या पगारावर घराची कौलं उतरून स्लॅब पडला, तरी ‘गोंदियात रायते’. त्यांना राग नव्हता, हे मला नंतर कळलं. ते मला सांभाळून घेत होते. पुढे कोणी काही विचारू नये म्हणून तेवढंच सांगायचे. पण तेव्हा मला ते रोज नव्यानं झोंबायचं. वाटायचं, मी या माणसाचा एक शब्द हिसकावून घेतला आणि त्या बदल्यात काही दिलं नाही.

मग मी एक मूर्खपणा सुरू केला. बाबांना बीपी निघालं होतं आणि गोळ्यांसाठी त्यांना महिन्याला गोंदियाला यावं लागे. डॉक्टरकडून ते ऑफिसात यायचे, बसच्या वेळेपर्यंत बसायचे. जिन्यावर त्यांची चाहूल लागली की मी टूल बंद करायचो आणि हातानं लिहायला लागायचो. जे बटन दाबून झालं असतं तेच, ओळीनं ओळ, जुन्या दिवसांसारखं. बटनं जरा जोरातच आपटायचो. मधेच थांबून कपाळाला हात लावायचो. पुसायचो, पुन्हा लिहायचो. बाबा माझ्या मागे बसून पाहायचे. ते गेले की मी ते सगळं खोडून टाकायचो आणि बटन दाबायचो. टूलचं नीट असायचं, माझ्यात चुका असायच्या. इतकी वर्षं झाली, बोटं विसरली होती. दर महिन्याला मी बापासमोर नाटक करत होतो, आणि तेही वाईट.

ऑफिसातल्या नव्या पोरांना हे कसलंच ओझं नव्हतं. ती टूलवरच शिकलेली. बटन दाबताना त्यांच्या चेहऱ्यावर पंखा सुरू केल्याइतकाही भाव नसायचा. त्यांचा मला हेवा वाटायचा आणि रागही यायचा.

एका दुपारी बाबा आले तेव्हा ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मी नेहमीप्रमाणे लिहीत बसलो होतो. तेवढ्यात मालक आत आला, पडद्याकडे पाहिलं आणि थबकला. ‘अरे, ये हाथ से काहे को लिख रहा है? टूल बिगड़ गया क्या?’

‘नहीं, थोड़ा अलग है इसमें,’ मी म्हणालो.

‘क्या अलग है? वही तो है, पेशेंटवाला.’ त्यानं बाबांना नमस्कार केला, तब्येत विचारली, कपाटातून काहीतरी काढलं आणि घाईघाईत खाली गेला.

बाबांना हिंदी चांगलं समजायचं. गोंदियाच्या बाजारात आयुष्य गेलेलं. मी पडद्यावरच्या अर्ध्या ओळीकडे पाहत राहिलो. पुढचं अक्षर कोणतं ते आठवेना.

बाबा म्हणाले, ‘बटन दाब.’

मी म्हणालो, ‘नाही बाबा, हे जरा...’

‘दाब ना. कायले तरास घेऊन राहिला? मले केव्हाचंच समजते.’

मी वळलो. ते माझ्याकडे नाही, खिडकीकडे पाहत होते. गोळ्यांची पिशवी मांडीवर होती.

‘गावात ट्रॅक्टर आला ना,’ ते म्हणाले, ‘तवा मी चिखलनी भाड्याच्या ट्रॅक्टरनंच करो. पन माहा बाप धुऱ्यावर येऊन बसे. तो छत्री घेऊन येताना दिसला का मी ट्रॅक्टरवाल्याले बाजूले घ्याले लावो, अन् बैलं जुंपो. तो पाहे. समाधानानं घरी जाये. मंग पुन्हा ट्रॅक्टर.’

‘आजोबाले समजलं नाही?’

‘कसं नाही समजन? चिखलात चाकं उमटत नाही का? त्याले पुरं समजे.’ बाबांनी पिशवीची गाठ आवळली. ‘पन बोलला नाही. मरेपर्यंत मले बैलं हाकाले लावला.’

खिडकीवरची नजर त्यांनी माझ्याकडे वळवली. ‘मी तुले लावत नाही. दाब.’

मी दाबलं. पट्टी भरत गेली. आम्ही दोघंही ती पाहत होतो, आणि दोघांनाही पाहायला दुसरं काहीतरी हवं होतं. फॉर्म उघडला. बाबा उठले, पिशवी घेतली, म्हणाले, ‘झालं ना? चाल मंग, मले स्टँडवर सोडून दे. गाडीचा टाइम झाला.’

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं ते बरं. स्टँडपर्यंत सगळे सिग्नल मला पुसट दिसत होते.